विलापिकेची कुळकथा : नेवासे, कोठला आणि एक पाळणा

कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत नामदेवांच्या वंशजांचे कीर्तन होते. विषय ठरलेला, ज्ञानेश्वरांची समाधी. घटना १२९६ सालची. पुढे काय होणार हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला पाठ असते, तरी कथा निवृत्तिनाथांपाशी आली की मंडपात पदर आणि उपरणी डोळ्यांना लागतात. मराठी शोककवितेचे कूळ शोधायचे तर सुरुवात इथूनच करावी लागते. नामदेवांच्या समाधीच्या अभंगांएवढी मोठी शोककविता मराठीत त्याआधी नव्हती आणि माझ्या मते नंतरही झालेली नाही.

ज्याच्यासाठी हा शोक, त्याने आपला मोठा ग्रंथ १२९० साली नगर जिल्ह्यातल्या नेवाशाला, प्रवरेच्या काठी सांगितला. ज्या खांबाला टेकून तो सांगितला असे मानतात, तो पैसाचा खांब आजही तिथे आहे. आत्मा मरत नाही, तेव्हा शोक कशाचा, हे गीतेचे म्हणणे त्याच खांबाशी मराठीत उलगडले गेले. आणि सहाच वर्षांनी ते उलगडणारा निघाला, तेव्हा नामदेवांनी कुणाला रडवले? स्वतः तर ते रडलेच, पण विठ्ठलालाही रडवले, आणि शेवटी थोरला भाऊ व गुरू असलेल्या निवृत्तिनाथांचा धीर सोडवला. ज्याने ज्ञान दिले त्याचेच डोळे भरून आले. तरीही नामदेव त्या ज्ञानाला खोटे ठरवत नाहीत आणि अश्रूंनाही कमीपणा आणत नाहीत. दोन्ही शेजारी शेजारी ठेवतात. शोककवितेचे विश्लेषण करणाऱ्याने पहिल्यांदा हे पाहावे. कवी सांत्वन किती लवकर आणतो? घाईने आणले तर शोक उथळ होतो, मुळीच आणले नाही तर कविता नुसता आकांत होते. नामदेवांनी थांबायचे किती, हे अचूक ओळखले होते.

या कुळाची दुसरी शाखा नगर शहरातली. १४९० साली मलिक अहमदने शहर वसवले. त्यानंतर तेराच वर्षांनी, १५०३ मध्ये, अंबडच्या शाह अश्रफ बियाबानींनी ‘नौसरहार’ हे करबलाच्या शोकाचे काव्य दखनीत लिहिले. करबलाची लढाई इसवी सन ६८० ची. तिचे दुःख आपल्या मुलखातल्या बोलीत सांगणाऱ्या सुरुवातीच्या मोठ्या रचनांत त्याची गणना होते. पुढे शिया धर्मपंडित शाह ताहिरच्या प्रभावाने बुऱ्हाण निजामशहाने १५३७ च्या सुमारास शिया पंथ स्वीकारला आणि नगरच्या मोहरमला दरबाराचे बळ मिळाले. बारा इमामांचा कोठला त्याच काळातला. निजामशाही १६३६ मध्ये संपली, मोहरम राहिला. कत्तलच्या रात्री सवाऱ्या निघतात तेव्हा नवस फेडायला येणाऱ्यांत हिंदू घरे कितीतरी असतात. सरबत वाटणाऱ्याला कोण कुठला हे विचारायचे नसते.

आळंदी आणि कोठला यांत मला एक सारखेपण दिसते. दोन्हीकडे आठवण माणसाच्या मर्जीवर सोडलेली नाही, तिथीवर टांगलेली आहे. आठवण आली म्हणून रडायचे नसते. दिवस आला की आठवायचे असते, मग रडू येतेच. म्हणून ती शतकानुशतके टिकली. एका माणसाचे घरगुती दुःख मात्र अशा तिथीत बसत नाही. लेक गेली, बायको गेली, सोबती गेला, यासाठी वर्षश्राद्ध आहे, कीर्तन नाही. ही उणीव भरून काढायला आधुनिक विलापिका आली.

तिच्या जन्माची नेहमीची हकिगत अशी सांगतात की, एकोणिसाव्या शतकातल्या कॉलेजात मुलांनी ग्रेची एलिजी आणि टेनिसनचे मित्रशोकाचे काव्य वाचले, आणि मग मराठीत तसे लिहिले जाऊ लागले. खोटे नाही, पण अपुरे आहे. कालिदासाचा रतिविलाप आणि अजविलाप याच पिढीने तोंडपाठ केला होता. आणि घरी, पहाटे जात्यावर, आई मेल्यावर माहेर कसे सुने झाले हे ओवीत सांगणाऱ्या बायका होत्याच. त्या ओवीत मेलेली आई आकाशात शोधत नाहीत. तिची चूल, तिचा उंबरा, तिने वाट पाहिलेली जागा सांगतात. दुःखाला वस्तूंचा आधार द्यायला मराठी कवी शिकला तो या बायकांकडूनच, असे मला ठामपणे वाटते.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा १८९५ साली बाप्तिस्मा झाला आणि त्यांचा संसार पुढे नगरला वाढला. त्यांच्या एका कवितेचे नाव ‘बापाचे अश्रू’. आपल्याकडे रडणे आईकडे सोपवलेले होते. बाप रडतो हे शीर्षकातच सांगणे ही त्या काळी मोठी गोष्ट होती. नगरकडचेच कवी दत्त, म्हणजे दत्तात्रय कोंडो घाटे. १८९९ मध्ये चोविसाव्या वर्षी गेले. त्यांच्या ‘निज नीज माझ्या बाळा’ या कवितेत मोडक्या झोपडीत आई मुलाला निजवते आहे. तिथे मरण नाही, दैन्य आहे, पण अंगाईत शोक ओतता येतो हे दत्तांनी दाखवले. दत्तांच्या मागे त्यांचा चार वर्षांचा मुलगा उरला. तोच पुढे वि. द. घाटे म्हणून गाजला आणि त्याने वडिलांच्या कविता पुस्तकरूपाने लोकांपुढे आणल्या.

पुढे गोविंदाग्रजांनी ‘राजहंस माझा निजला’ लिहिली. तिथे मूल गेले आहे आणि आई ते मानत नाही, निजले म्हणते. अंगाईचा साचा तोच, फक्त झोपेच्या जागी मरण आले. आणि मोहरमच्या शोकगीतांत करबलात तहानेने व्याकुळ होऊन बाणाने मेलेल्या तान्ह्या असगरचा पाळणा हलतोच आहे. एकाने दुसऱ्याचे पाहून घेतले असे मी म्हणत नाही. पण आईचा शोक जिथे बोलू लागला तिथे तो पाळण्याच्या लयीतच बोलला, हे दोन्हीकडे ऐकू येते.

मग एक वाईट वर्ष आले. नगरला टिळकांच्या घरी राहिलेले बालकवी ५ मे १९१८ रोजी रेल्वेखाली गेले. जानेवारी १९१९ मध्ये गोविंदाग्रज, म्हणजे गडकरी, गेले, ९ मे १९१९ रोजी टिळक. मागे राहिल्या टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई. मुलाला वडिलांचे चरित्र लिहायचे होते, त्याने आईकडे आठवणी मागितल्या, आणि त्यांतून १९३४ पासून भागाभागाने ‘स्मृतिचित्रे’ आली. हे गद्य आहे, आणि त्यात हसू इतके आहे की कुणी त्याला विलापिका म्हणत नाही. मी म्हणतो. गेलेल्या माणसाचा विसराळूपणा, संताप, उधळेपणा जसाच्या तसा ठेवून त्याला पुन्हा घरात वावरायला लावणे, ही शोकाची सर्वांत प्रौढ रीत आहे. लक्ष्मीबाई टिळकांना देव करत नाहीत, म्हणून त्यांचे नसणे खोल जाणवते.

या कुळातल्या लेखी शाखा ग्रंथालयात सुरक्षित आहेत. जात्यावरच्या ओव्यांपैकी लाखाहून अधिक हेमा राईरकर आणि गी प्वातवां यांच्या कामामुळे वाचल्या. मोहरमची गाणी आणि घरोघरची शोकाची ओवी मात्र अजून म्हाताऱ्या गळ्यांतच आहे. नगर, नेवासे, श्रीगोंदे, जामखेडच्या महाविद्यालयांतल्या मराठी आणि उर्दूच्या शिक्षकांनी एकत्र बसून, गाणाऱ्यांना मान आणि मोबदला देऊन, ती यंदाच ध्वनिमुद्रित करावी. आणि तुमच्या घरात अशी ओवी म्हणणारी आजी असेल, तर शिक्षकांचीही वाट पाहू नका.