फायटेज

फायटेज : फायटिक आम्लाच्या रेणूला चिकटलेले फॉस्फेट गट पाण्याच्या साहाय्याने एकेक करून सुटे करणारे एन्झाइम. धान्ये, कडधान्ये, बुरशी, यीस्ट व जीवाणू यांत ते आढळते. कोंबड्या व डुकरे यांच्या खाद्यात ते मुद्दाम मिसळतात. माणसाच्या आहारात त्याचे काम मुख्यतः मोड आणताना आणि पीठ आंबवताना होते.

झाड पुढच्या पिढीसाठी बियाण्यात फॉस्फरस साठवते, तो बव्हंशी फायटिक आम्लाच्या रूपात. बियाण्यातील एकूण फॉस्फरसपैकी सुमारे दोन तृतीयांश भाग या रूपात असतो. इनोसिटॉलच्या सहा कार्बनी कड्यावर सहा फॉस्फेट गट, अशी या रेणूची रचना. त्याच्या वजनात फॉस्फरस सुमारे 28 टक्के भरतो. गहू व तांदूळ यांत हा साठा कोंड्याच्या थरात असतो, मक्यात कोंबात, तर कडधान्यांत डाळिंब्यांतच. रेणूवर ऋणभार भरपूर असल्यामुळे तो लोह, जस्त, कॅल्शियम व मॅग्नेशियम यांना धरून ठेवतो आणि आम्लधर्मी जठरात प्रथिनांशीही बांधला जातो. त्यामुळे फॉस्फरस तर अडकतोच, सोबत इतर पोषकद्रव्येही अडकतात. बी रुजू लागले की त्यातील फायटेज जागे होते आणि साठा मोकळा करू लागते.

उमेतारो सुझुकी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1907 मध्ये जपानमध्ये तांदळाच्या कोंड्यात हे एन्झाइम दाखवून दिले. (याच कोंड्यातून सुझुकींनी पुढे बेरीबेरीवर गुणकारी असलेले, आज ब-1 जीवनसत्त्व म्हणून ओळखले जाणारे द्रव्य वेगळे काढले.) अमेरिकेत 1970 च्या सुमारास बुरशीपासून मिळवलेले फायटेज कोंबडीच्या पिल्लांना खाऊ घातल्यावर त्यांच्या हाडांत खनिज अधिक भरते, हे सिद्ध झाले. तरीही ते बाजारात यायला आणखी वीस वर्षे गेली. तयार करण्याचा खर्च मोठा होता आणि खाणीतून येणारा फॉस्फेट स्वस्त होता.

चित्र पालटले ते नेदरलँड्समध्ये, आणि पोषणशास्त्रापेक्षा शेणखताच्या कायद्यांमुळे. कोंबडी व डुक्कर यांच्या पोटात फायटेज फारच थोडे असते. म्हणून खाद्यात डायकॅल्शियम फॉस्फेट, म्हणजे पोल्ट्रीवाल्यांच्या भाषेत डीसीपी, घालावे लागे आणि धान्यातला फॉस्फरस विष्ठेतून बाहेर पडे. तो शेतांत साचून कालव्यांत उतरला, की शेवाळ माजे आणि पाण्यातला प्राणवायू संपे. डच सरकारने खत पसरण्यावर मर्यादा आणल्या. 1991 मध्ये अॅस्परजिलस नायजर या बुरशीचे फायटेज पशुखाद्यासाठी विक्रीला आले. अमेरिकेत चेसापीक उपसागराच्या प्रदूषणावरून मेरिलँड राज्याने 1998 मध्ये कायदा केला आणि 2000 अखेरनंतर कोंबड्यांच्या खाद्यात फायटेज बंधनकारक केले. युरोपात मॅड काऊ रोगाच्या धास्तीने मांस-हाडांची भुकटी खाद्यातून बाद झाली. ती फॉस्फरसचा मोठा स्रोत होती, त्यामुळे एन्झाइमची मागणी आणखी वाढली. 2008 मध्ये खनिज फॉस्फेटचे भाव भडकल्यावर पर्यावरणाची फिकीर नसलेला कारखानदारही फायटेजकडे वळला.

फायटेजची ताकद एफटीयू या एककात मोजतात : 37 अंश सेल्सियस तापमानाला व 5.5 सामूला सोडियम फायटेटपासून मिनिटाला एक मायक्रोमोल फॉस्फेट सोडवणारे एन्झाइम म्हणजे एक एफटीयू. सर्वसाधारण मात्रा किलो खाद्याला 500 एफटीयू. ग्रॅमला 5,000 एफटीयू असलेली भुकटी टनाला फक्त 100 ग्रॅम पुरते, आणि तेवढ्याने साधारण पाच किलो डीसीपी वाचते. भारतात कोंबडीखाद्य मका आणि सोयापेंड यांवर उभे आहे. या दोन्हींत स्वतःचे फायटेज नगण्य असते, त्यामुळे बाहेरून दिलेल्या एन्झाइमचा गुण चटकन दिसतो. गव्हात व रायमध्ये ते चांगले असते, पण खाद्याच्या गोळ्या करताना लागणाऱ्या 70 ते 90 अंशांच्या वाफेने तेही निकामी होते. याच उष्णतेमुळे उत्पादक एन्झाइमच्या कणांवर लेप चढवतात, किंवा गोळ्या थंड झाल्यावर द्रवरूप फायटेज फवारतात.

आता वापरात असलेली बरीच फायटेजे मूळची ई. कोलाय, सिट्रोबॅक्टर किंवा ब्युटिऑक्सेला या जीवाणूंची असून त्यांची जनुके यीस्टमध्ये किंवा बुरशीत घालून ती बनवली जातात. जठरातील पेप्सिनला ती अधिक टिकतात. काम बहुतांशी कोंबडीच्या अन्नपिशवीत व जठरात, म्हणजे आम्लधर्मी भागातच उरकावे लागते. पुढे आतड्यात सामू वाढला की फायटेट कॅल्शियमसह न विरघळणारे साके बनवते. म्हणून अंडी देणाऱ्या कोंबडीच्या चुनखडीयुक्त खाद्यात फायटेजचे हात बांधले जातात. खाद्याचे सूत्र मांडणारे एन्झाइमने सुटणाऱ्या फॉस्फरसला व कॅल्शियमला आकडे देतात आणि तेवढे खनिज खाद्यातून कमी करतात. हे आकडे उदारपणे धरणे ही या क्षेत्रातली सर्वांत महागडी चूक, असे म्हणायला हरकत नाही : हिशेबात फॉस्फरस असतो, पण पिल्ले लंगडू लागतात.

गाईम्हशींच्या रुमेनमधील, म्हणजे पोटाच्या पहिल्या कप्प्यातील, जीवाणू फायटेज स्वतःच बनवतात, त्यामुळे रवंथ करणाऱ्या जनावरांना ते वेगळे द्यावे लागत नाही. माशांची अडचण उलटी. रोहू, कटला यांना जठरच नसते आणि आतडे उदासीन सामूचे असते. मुंबईच्या केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्थेत रोहूच्या बोटुकल्यांच्या खाद्यात फायटेजसोबत सायट्रिक आम्ल देऊन हे काम सोपे करता येते का, याचे प्रयोग झाले आहेत. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाने वेगळी वाट धरली : लाळेतच फायटेज स्रवणारे, जनुकबदल केलेले डुक्कर. 2001 मध्ये त्याचा गाजावाजा झाला. त्याच्या विष्ठेतील फॉस्फरस 75 टक्क्यांपर्यंत कमी भरला. पण ते मांस कोणी बाजारात आणले नाही आणि 2012 मध्ये प्रकल्प गुंडाळला गेला.

माणसाच्या बाबतीत फॉस्फरसपेक्षा लोह व जस्त यांचा प्रश्न मोठा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये कोंडायुक्त पावामुळे कॅल्शियमचे शोषण घटते, हे मॅकॅन्स आणि विडोसन या संशोधकांनी मोजून दाखवले. तेथे सरकारने पिठात चुनखडी, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, मिसळायला सुरुवात केली. बिहारमधील बक्सर येथे जन्मलेले डॉ. आनंद प्रसाद यांना 1960 च्या सुमारास इराणमधील शिराझ येथे वाढ खुंटलेले तरुण आढळले. ते जवळजवळ फक्त न आंबवलेल्या रोटीवर जगत होते, आणि मानवातील जस्ताच्या कमतरतेची ओळख तेथून झाली. जस्ताच्या अणूमागे फायटेटचे रेणू पंधराहून अधिक असतील, तर शोषण कमी पडते, असा संकेत आहे. लोहासाठी हे प्रमाण एकाच्याही खाली आणावे लागते. अर्धवट उपायाने फारसे साधत नाही.

मराठी स्वयंपाकघरात याची साधने आहेत, पण सर्व पदार्थ सारखे नाहीत. मोड आणलेली मटकी, मोड आणून दळलेली नाचणी, आंबवलेली इडली-आंबोळी यांत फायटेट ठळकपणे घटते. नुसते भिजवण्याचा लाभ त्यापेक्षा कमी. ज्वारीत मुळात फायटेज थोडे, त्यात भाकरीचे पीठ गरम पाण्यात मळून लगेच तव्यावर जाते, म्हणजे एन्झाइमला वेळ मिळत नाही. भाजणीत धान्य आधीच भाजलेले असते. उष्णतेने फायटेज मरते, फायटिक आम्ल मात्र बरेचसे तसेच राहते. म्हणून भिजवणे, मोड आणणे, आंबवणे हे शिजवण्याआधीच करावे लागते. जेवताना पिळलेले लिंबू किंवा पेरू, आवळा यांसारखे क जीवनसत्त्वयुक्त फळ लोहाच्या बाबतीत फायटेटचा अडसर काही अंशी कमी करते.

फायटिक आम्लाला सरसकट पोषणविरोधी ठरवणे एकांगी होईल. लोहामुळे होणारी ऑक्सिडीकरणाची झीज ते रोखते आणि कॅल्शियमचे मूतखडे बनण्यास अटकाव करते. विविध आहार मिळणाऱ्या माणसाला त्याची धास्ती घेण्याचे कारण नाही. मुळात कमी फायटेट असलेले मका, जव वगैरेंचे वाणही संशोधकांनी काढले. फायटेज बनवणाऱ्या मक्याला 2009 मध्ये चीनने जैवसुरक्षा प्रमाणपत्रही दिले. कमी फायटेटच्या वाणांत अनेकदा उगवण व उतारा घटतो, कारण तो साठा रोपाच्या पहिल्या दिवसांची शिदोरी असते.