फॉलिक अम्ल आणि ब-१२ : जीवनसत्त्वोपचारातील सुरक्षिततेचा इतिहास

जीवनसत्त्वाची उणीव भरून काढणे हा उपचार वरकरणी निर्धोक वाटतो. मात्र उणीव नेमकी कशाची आहे हे न ठरविता केलेला उपचार घातक ठरू शकतो, हे फॉलिक अम्लाच्या इतिहासावरून दिसून येते. या इतिहासाचा एक महत्त्वाचा टप्पा मुंबईत घडला.

१९२८ मध्ये ब्रिटिश संशोधक डॉ. लूसी विल्स यांनी मुंबईतील गरोदर गिरणी कामगार स्त्रियांच्या पांडुरोगाचा अभ्यास आरंभिला. यीस्टच्या अर्काने हा रोग बरा होतो, असे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. अर्कातील गुणकारी घटक फोलेट असल्याचे पुढे सिद्ध झाले. १९४५ मध्ये फॉलिक अम्ल कृत्रिमरीत्या तयार करण्यात यश आले.

त्यानंतर ते पर्निशस ॲनिमिया या मारक पांडुरोगाच्या रुग्णांनाही देण्यात आले. त्यांचे रक्त सुधारले. परंतु अनेकांच्या हातापायांना बधिरता आली, चालताना तोल जाऊ लागला. या रोगात मूळ उणीव ब-१२ ची असते. फॉलिक अम्लाने रक्तातील लक्षणे झाकली गेली, मज्जासंस्थेची हानी मात्र चालूच राहिली. १९४८ मध्ये ब-१२ वेगळे करण्यात आले आणि योग्य उपचाराचा मार्ग खुला झाला.

१९९८ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने प्रौढांसाठी गोळ्या व समृद्धीकृत अन्न यांतून मिळणाऱ्या फॉलिक अम्लाची कमाल दैनिक मर्यादा १,००० मायक्रोग्रॅम ठरविली, ती याच अनुभवाच्या आधारे. ब-१२ मुख्यतः प्राणिज अन्नातून मिळत असल्याने शाकाहारी समाजात या इतिहासाचे महत्त्व विशेष आहे. पांडुरोगावर केवळ फॉलिक अम्ल सुरू करण्यापूर्वी ब-१२ ची तपासणी करून घेणे, हाच त्याचा निष्कर्ष होय.