मामांचा कॅमेरा आणि पेन्सिल सेल

आमच्याकडे ‘बॅटरी’ म्हणजे टॉर्च. ‘रात्री मळ्यात जाताना बॅटरी घे’ म्हटलं की हातात धरायची ती. तिच्या आत घालतात ते सेल. हा भेद आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची सगळी भानगड सेलमुळेच झाली आहे.

मामांचं गाव अकोले तालुक्यात. (अहिल्यानगर जिल्ह्यातलं अकोले, वऱ्हाडातलं अकोला नव्हे. हे दर वेळी सांगावं लागतं.) उसाच्या पट्ट्यात बिबट्या ही काही बातमी राहिलेली नाही. दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर गोठ्यामागे ठसे दिसले, तेव्हा मी हौसेने एक ट्रेल कॅमेरा नेऊन बांधावरच्या बाभळीला बांधला. त्याला आठ पेन्सिल सेल लागतात. मी घातलेले संपल्यावर मामांनी गावातल्या दुकानातून रेडिओत घालतात तसले साधे सेल आणून घातले. दर रविवारी मामेभाऊ कार्डावरचे फोटो पाठवायचा. मांजर, कोंबड्या, बगळा, डोक्यावर गवताचा भारा घेतलेली मामी. बिबट्या नाही.

"गेला बहुतेक," मामा फोनवर म्हणाले. मीही शहाण्यासारखं म्हणालो, "गेलाच असेल." मग मोत्याला घरात घेणं बंद झालं, तो पुन्हा ओट्यावर. चौथ्या आठवड्यात एका पहाटे साखळी होती, मोत्या नव्हता.

मी गेलो आणि सगळे फोटो वेळेनुसार लावून पाहिले. सकाळी सात ते संध्याकाळी सहा. तीन आठवड्यांत रात्रीचा एकही फोटो नाही! कॅमेरा बंद पडला नव्हता, तो रोज अंधार पडला की मरत होता आणि सकाळी पुन्हा जिवंत होत होता. दिवसा फोटो काढायला फारशी वीज लागत नाही. रात्री मात्र आपल्याला न दिसणारे इन्फ्रारेड दिवे लावावे लागतात आणि ते एकदम मोठा घोट घेतात. साध्या सेलला तो घोट देता येत नाही, व्होल्टेज खाली बसतं, आणि फोटोच निघत नाही.

त्या दिवसापासून मी या कॅमेऱ्यांच्या इतिहासाच्या मागे लागलो. अपराधी वाटलं की मी वाचत बसतो, ही माझी जुनी खोड.

सुरुवात अमेरिकेत. जॉर्ज शिरास हे वकील आणि माजी काँग्रेस सदस्य. मिशिगनच्या जंगलात ते वाटेवर तार ताणून ठेवायचे. हरीण तारेला अडखळलं की मॅग्नेशियमच्या दारूचा भडका उडायचा आणि हरणाने स्वतःच स्वतःचा फोटो काढलेला असायचा. जुलै 1906 मध्ये नॅशनल जिऑग्राफिकने त्यांचे 74 फोटो छापले. आपल्याकडे हेच तंत्र एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने संयुक्त प्रांतातल्या जंगलात वाघावर वापरलं. त्यांचे फोटो 1925 मध्ये लंडनच्या साप्ताहिकात आले आणि 1927 मध्ये पुस्तक. बंदुकीपेक्षा कॅमेरा बरा, असं जिम कॉर्बेटना वाटू लागलं त्यात चॅम्पियन यांचाही वाटा होता.

पण त्या सापळ्याचा बार एकदाच उडायचा. रानमांजराने तार ओढली की वाघ नंतर आला तरी उपयोग नाही. म्हणजे तेव्हा मर्यादा होती ती दारूची.

पुढे सेन्सर आणि आपोआप पुढे सरकणारा रोल आला. उल्हास कारंत यांनी नव्वदच्या दशकात नागरहोळेत असे कॅमेरे लावले आणि 1995 मध्ये वाघ मोजायची नवी पद्धत मांडली. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे, डाव्या-उजव्या कुशीचेसुद्धा वेगळे, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे. तोच वाघ पुन्हा किती वेळा दिसतो, यावरून न दिसलेले किती असतील याचा अंदाज करायचा. पण रोल 36 फोटोंचा. गव्यांचा कळप आला की रोल खलास! तिथे मर्यादा फिल्मची.

डिजिटल कॅमेरे आले आणि कार्डावर हजारो फोटो मावू लागले. उरला एकच अडथळा, सेल. गंमत म्हणजे इतकी यंत्रं बदलली, पण आपण आलो कुठे, तर किराणा दुकानाच्या काउंटरवर.

आता हे महत्त्वाचं का? पूर्वी आपल्याकडे वाघ ठशांवरून मोजत. सरिस्कात कागदावर वाघ होते, आणि 2005 च्या सुमारास कळलं की जंगलात एकही नाही. त्यानंतर देशभर कॅमेऱ्यांवर भर आला. 2018 च्या गणनेत 26,838 ठिकाणी कॅमेरे लावले गेले आणि जवळजवळ साडेतीन कोटी फोटो निघाले, त्यात वाघांचे 76,651. या हिशेबात कॅमेरा किती रात्री जागा होता ही संख्याही धरावी लागते. ‘वाघ दिसला नाही’ आणि ‘कॅमेरा झोपला होता’ या दोन रात्री कार्डावर अगदी सारख्याच दिसतात. कोऱ्या. ठशांच्या काळात नसलेले वाघ मोजले गेले. मेलेल्या सेलमुळे असलेला वाघ सुटतो. मामांच्या ओट्यावर आम्ही नेमकं हेच केलं होतं.

आमच्या अकोल्याचंच बघा. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी इथल्या उसात-वस्तीत कॅमेरे लावले. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार जंगल नसलेल्या या भागात 100 चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच मोठे बिबटे निघाले. एवढ्या शेजाऱ्यांतून ‘गेला असेल’ म्हणणारा मी कोण?

असो. सेलचं म्हणाल तर अल्कलाइन साध्यापेक्षा बरे, पण त्यांचं व्होल्टेज पहिल्या दिवसापासून उतरत जातं आणि थंडीत ते आणखी गळपटतात. लिथियमचे पेन्सिल सेल हलके, शेवटपर्यंत दीड व्होल्टला चिकटून असतात, लडाखच्या थंडीतही चालतात. पण महाग, आणि एकदा संपले की फेकायचे. शिवाय कॅमेऱ्याचा काटा ‘फुल्ल’ दाखवत असतानाच अचानक जातात. मी शेवटी चार्जेबल घेतले, निकेल मेटल हायड्राइडचे. व्होल्टेज दीडऐवजी 1.2, म्हणून तेवढ्यावर कॅमेरा चालतो ना, हे आधी पाहून घेतलं. जुन्या चार्जेबलची वीज नुसती पडल्या पडल्या गळायची, त्यात आपला उन्हाळा. 2005 मध्ये सान्योने एनेलूप आणले तेव्हापासून तो त्रास बराच कमी झाला. दोन संच आहेत. एक बाभळीवर, एक मामींच्या देवघराशेजारच्या चार्जरमध्ये. (मामी म्हणते, "देवापेक्षा ह्याचाच दिवा जास्त जळतो.")

नवे सेल घातल्यावर पाचव्या रात्री बिबट्या आला. मादी होती, मागे एक पिल्लू. मामांनी फोटो बराच वेळ पाहिला, बोलले काहीच नाहीत. मग नव्या कुत्र्याला आत घेऊन दार लावलं.

आता रविवारच्या फोटोंत पहिला फोटो ठरलेला असतो. अंधार पडल्यावर मामा स्वतः कॅमेऱ्यासमोरून चालत जातात. राखाडी फोटोत पांढरी टोपी, हातात बॅटरी, आणि चेहऱ्यावर असा भाव की जणू परीक्षा त्यांचीच आहे.