ब्रेट फार्व यांच्या निवृत्तीवरील चाहत्यांच्या प्रतिक्रिया

ब्रेट फार्व हे अमेरिकन फुटबॉलमधील एक नामांकित क्वार्टरबॅक होत. विस्कॉन्सिन राज्यातील ग्रीन बे पॅकर्स या संघाकडून सोळा हंगाम खेळल्यानंतर ६ मार्च २००८ रोजी त्यांनी अश्रूभरल्या डोळ्यांनी निवृत्ती जाहीर केली. मात्र त्याच वर्षी ते पुन्हा मैदानात उतरले, २००९ मध्ये दुसऱ्यांदा निवृत्त झाले, पुन्हा परतले आणि जानेवारी २०११ मध्ये कायमचे निवृत्त झाले. या काळात पॅकर्सच्या चाहत्यांच्या भावना शोक, संभ्रम, संताप आणि अखेर समेट अशा टप्प्यांतून गेल्या. खेळाडू आणि त्याला आपला मानणारा समाज यांच्या नात्याचे उदाहरण म्हणून या घटनाक्रमाचा उल्लेख अमेरिकेतील क्रीडाविषयक लेखनात वारंवार होतो.

पार्श्वभूमी

खेळाडू

फार्व यांचा जन्म १० ऑक्टोबर १९६९ रोजी मिसिसिपी राज्यातील गल्फपोर्ट येथे झाला. त्याच राज्यातील किल्न या लहानशा गावी ते वाढले. अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक हा आक्रमणाचा सूत्रधार असतो. बहुतेक प्रत्येक चालीत चेंडू प्रथम त्याच्या हाती येतो आणि तो स्वतः धावायचे, सहकाऱ्याच्या हाती चेंडू सोपवायचा की दूरवर पास फेकायचा, याचा निर्णय त्याला काही क्षणांत घ्यावा लागतो. साहजिकच विजयाचे श्रेय आणि पराभवाचा दोष यांचा मोठा वाटा त्याच्याकडे जातो.

१९९१ मध्ये अटलांटा फाल्कन्स संघाने फार्व यांची निवड केली, परंतु त्यांना खेळण्याची फारशी संधी मिळाली नाही. पुढच्या वर्षी पॅकर्सचे महाव्यवस्थापक रॉन वुल्फ यांनी त्यांना ग्रीन बेला आणले. २० सप्टेंबर १९९२ रोजी सिनसिनाटी बेंगल्सविरुद्ध मुख्य क्वार्टरबॅक डॉन मायकोव्स्की जखमी झाल्याने फार्व मैदानात उतरले आणि अखेरची १३ सेकंद उरली असताना फेकलेल्या पासवर त्यांनी संघाला २४–२३ असा विजय मिळवून दिला. पुढच्या आठवड्यापासून ते प्रत्येक सामन्यात सुरुवातीपासून खेळू लागले. पॅकर्सकडून खेळताना साखळी सामन्यांतील हा क्रम सलग २५३ सामने अखंड राहिला. १९९५, १९९६ आणि १९९७ अशी सलग तीन वर्षे त्यांना सर्वात मौल्यवान खेळाडूचा पुरस्कार मिळाला. त्यांपैकी १९९७चा पुरस्कार बॅरी सँडर्स यांच्यासह विभागून होता. २६ जानेवारी १९९७ रोजी न्यू ऑर्लिन्स येथे पॅकर्सने न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा ३५–२१ असा पराभव करून सुपर बोल जिंकला. पॅकर्सचे आधीचे विजेतेपद १९६८ सालचे होते आणि मधल्या काळात बादफेरी गाठणेही संघाला क्वचितच जमले होते. त्यामुळे या विजयाचे मोल चाहत्यांच्या लेखी फार मोठे होते.

२१ डिसेंबर २००३ रोजी फार्व यांचे वडील अर्विन यांचे निधन झाले. दुसऱ्याच दिवशी ओकलंड रेडर्सविरुद्ध सामना होता. फार्व त्यात खेळले आणि त्यांनी ३९९ यार्डांचे पास व ४ टचडाउन नोंदवले. पॅकर्सने तो सामना ४१–७ असा जिंकला. दुखापतीत आणि दुःखातही मैदान न सोडणारा खेळाडू, ही त्यांची प्रतिमा या सामन्याने दृढ झाली.

संघ आणि शहर

चाहत्यांच्या प्रतिक्रियांची तीव्रता समजण्यासाठी पॅकर्सची रचना लक्षात घ्यावी लागते. १९१९ मध्ये स्थापन झालेला हा संघ १९२३ पासून सार्वजनिक भागधारकांच्या मालकीचा आहे. अमेरिकेतील इतर मोठे व्यावसायिक संघ धनाढ्य व्यक्तींच्या किंवा कंपन्यांच्या मालकीचे असतात. पॅकर्सच्या भागधारकांमध्ये मात्र शेतकरी, शिक्षक, कामगार असे सामान्य लोकही आहेत. या भागांवर लाभांश मिळत नाही आणि ते बाजारात विकताही येत नाहीत. २००८ साली अशा भागधारकांची संख्या एक लाखाहून अधिक होती. ग्रीन बे शहराची लोकसंख्याही सुमारे एक लाखच आहे.

संघाचे लॅम्बो फील्ड हे मैदान १९५७ पासून वापरात आहे. हंगामी तिकिटांची प्रतीक्षा यादी इतकी लांब असते की, अनेक कुटुंबांत मूल जन्मताच त्याचे नाव यादीत नोंदवले जाते. प्रशिक्षण शिबिराच्या काळात खेळाडू स्थानिक मुलांच्या सायकलींवर बसून सरावाला जातात आणि ती मुले त्यांची हेल्मेट घेऊन बाजूने धावतात, ही तेथील जुनी प्रथा आहे. अशा गावात सोळा हंगाम खेळलेला खेळाडू घरच्या माणसासारखा मानला गेला. मैदानाजवळच्या एका रस्त्यालाही फार्व यांचे नाव देण्यात आले आहे.

२००८ची निवृत्ती

२००७चा हंगाम फार्व यांच्यासाठी संस्मरणीय ठरला. सर्वाधिक विजय, सर्वाधिक टचडाउन पास आणि पासद्वारे सर्वाधिक यार्ड हे तीनही विक्रम त्यांनी त्या हंगामात आपल्या नावावर केले. पॅकर्सने १६ पैकी १३ सामने जिंकले. मात्र २० जानेवारी २००८ रोजी लॅम्बो फील्डवर, उणे १८ अंश सेल्सियसच्या आसपासच्या थंडीत झालेल्या नॅशनल कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात न्यू यॉर्क जायंट्सने पॅकर्सला अतिरिक्त वेळेत २३–२० असे हरवले. त्या वेळेत फार्व यांनी फेकलेला पास प्रतिस्पर्धी खेळाडू कोरी वेब्स्टरने झेलला. पॅकर्सच्या गणवेशातील तो त्यांचा शेवटचा पास ठरला.

निवृत्तीची बातमी ४ मार्च रोजी बाहेर आली. दोन दिवसांनी लॅम्बो फील्डवरील पत्रकार परिषदेत ३८ वर्षांच्या फार्व यांना बोलताना वारंवार हुंदका आवरावा लागला. आपण अजून खेळू शकतो, परंतु खेळावेसे वाटत नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. चाहते मैदानाबाहेर जमले आणि ४ क्रमांकाच्या जर्सींना मोठी मागणी आली. ज्यांच्या आठवणीत पॅकर्सचा दुसरा क्वार्टरबॅकच नव्हता, अशी एक संपूर्ण पिढी विस्कॉन्सिनमध्ये होती. ८ सप्टेंबर रोजी होणाऱ्या हंगामाच्या पहिल्या सामन्यात फार्व यांचा क्रमांक निवृत्त करण्याचे, म्हणजेच तो यापुढे कोणाही खेळाडूला न देण्याचे, संघाने ठरवले.

पुनरागमनाचा वाद

जुलै २००८ मध्ये फार्व यांनी पुन्हा खेळण्याची इच्छा व्यक्त केली. दरम्यान पॅकर्सने २००५ मध्ये निवडलेल्या ॲरन रॉजर्स यांना मुख्य क्वार्टरबॅक करण्याचे निश्चित केले होते. फार्व यांनी आपल्याला करारातून मुक्त करावे अशी मागणी केली. महाव्यवस्थापक टेड थॉम्पसन यांनी ती मान्य केली नाही. मुक्त झालेले फार्व त्याच गटातील मिनेसोटा व्हायकिंग्ज या प्रतिस्पर्धी संघाकडे जातील, अशी संघाला धास्ती होती.

या प्रश्नावर चाहत्यांत दोन तट पडले. ज्याने संघाला पुन्हा उभे केले त्याला त्याची जागा परत मिळाली पाहिजे, असे एका गटाचे म्हणणे होते. या गटाने लॅम्बो फील्डबाहेर मेळावाही घेतला. संघ कोणत्याही एका खेळाडूपेक्षा मोठा आहे आणि तीन वर्षे थांबलेल्या तरुणाला दिलेला शब्द पाळला पाहिजे, असे दुसऱ्या गटाचे मत होते. भागधारक असल्याने दोन्ही गटांतील अनेक जण स्वतःला संघाचे मालक म्हणवू शकत होते, परंतु खेळाडूंविषयीचे निर्णय व्यवस्थापनाच्याच हाती होते. भावनिक मालकी आणि प्रत्यक्ष अधिकार यांतील हे अंतर त्या उन्हाळ्यात ठळकपणे दिसून आले.

३ ऑगस्ट रोजी फार्व विमानाने ग्रीन बेला आले, तेव्हा विमानतळाच्या कुंपणाशी चाहते त्यांची वाट पाहत उभे होते. त्याच संध्याकाळी लॅम्बो फील्डवरील सराव सामन्यात काही प्रेक्षकांनी रॉजर्स यांची हुर्यो उडवली. काही दिवसांतच फार्व यांना न्यू यॉर्क जेट्सकडे पाठवण्यात आले. जेट्सने त्यांना व्हायकिंग्जकडे पाठवल्यास मोठी भरपाई द्यावी लागेल, अशी अटही या व्यवहारात होती. क्रमांक निवृत्त करण्याचा समारंभ अर्थातच झाला नाही. ८ सप्टेंबरच्या सामन्यात रॉजर्स यांनी व्हायकिंग्जवर २४–१९ असा विजय मिळवून दिला, परंतु त्या हंगामात संघाला सहाच सामने जिंकता आले. साहजिकच वाद शमला नाही.

प्रतिस्पर्धी संघात

जेट्सकडून एक हंगाम खेळून फार्व यांनी फेब्रुवारी २००९ मध्ये दुसऱ्यांदा निवृत्ती जाहीर केली. एप्रिलमध्ये जेट्सने त्यांना मुक्त केले आणि १८ ऑगस्ट २००९ रोजी ते व्हायकिंग्जमध्ये दाखल झाले. विस्कॉन्सिन आणि मिनेसोटा ही शेजारी राज्ये असून दोन्ही संघांतील चुरस अनेक दशकांची आहे. त्यामुळे जेट्सकडे जाणे समजून घेणाऱ्या चाहत्यांनाही हा निर्णय विश्वासघातासारखा वाटला.

१ नोव्हेंबर २००९ रोजी फार्व व्हायकिंग्जच्या जांभळ्या-पांढऱ्या पोशाखात लॅम्बो फील्डवर उतरले, तेव्हा प्रेक्षकांनी मोठ्या आवाजात त्यांचा धिक्कार केला. काहींनी त्यांच्या जुन्या जर्सीवरील नाव झाकले होते किंवा बदलले होते. फार्व यांनी त्या सामन्यात ४ टचडाउन पास फेकले आणि व्हायकिंग्जने ३८–२६ असा विजय मिळवला. मिनेसोटाच्या चाहत्यांनी मात्र कालच्या प्रतिस्पर्ध्याला आपलेसे केले. तो हंगाम फार्व यांच्या उत्तम हंगामांपैकी एक ठरला. २४ जानेवारी २०१० रोजी न्यू ऑर्लिन्स सेंट्सविरुद्ध अतिरिक्त वेळेत झालेल्या पराभवामुळे व्हायकिंग्जची सुपर बोलची संधी हुकली. त्या सामन्यातही अखेरच्या क्षणी फार्व यांचा पास प्रतिस्पर्ध्याने झेलला होता.

अंतिम निवृत्ती

ऑगस्ट २०१० मध्ये व्हायकिंग्जचे तीन खेळाडू मिसिसिपीला जाऊन फार्व यांना परत घेऊन आले. तोवर निवृत्ती आणि पुनरागमन हा देशभर विनोदाचा विषय झाला होता. हा हंगाम दुखापतींत गेला. १३ डिसेंबर २०१० रोजी खांद्याच्या दुखापतीमुळे ते खेळू शकले नाहीत आणि सलग २९७ सामन्यांचा त्यांचा विक्रमी क्रम तुटला. २० डिसेंबर रोजी शिकागो बेअर्सविरुद्धचा सामना त्यांचा शेवटचा ठरला. जानेवारी २०११ मध्ये त्यांनी निवृत्तीची कागदपत्रे सादर केली. या वेळी ना पत्रकार परिषद झाली, ना अश्रू ढाळले गेले.

६ फेब्रुवारी २०११ रोजी रॉजर्स यांच्या नेतृत्वाखाली पॅकर्सने पिट्सबर्ग स्टीलर्सला ३१–२५ असे हरवून सुपर बोल जिंकला. या विजयाने २००८च्या वादाची धार बोथट झाली. ज्यांनी व्यवस्थापनाला दोष दिला होता त्यांचे समाधान झाले आणि फार्व यांच्यावरील रागालाही फारसे कारण उरले नाही.

समेट

फेब्रुवारी २०१३ मध्ये नॅशनल फुटबॉल लीगच्या पुरस्कार सोहळ्यात फार्व आणि रॉजर्स एकाच व्यासपीठावर आले. चाहते फार्व यांची हुर्यो उडवतील की काय, ही चिंता संघाच्या व्यवस्थापनाला काही काळ होती. ऑगस्ट २०१४ मध्ये पॅकर्सने त्यांचा क्रमांक निवृत्त करण्याचे जाहीर केले.

१८ जुलै २०१५ रोजी संघाच्या सन्मानदालनात त्यांचा समावेश करण्यात आला. मुख्य कार्यक्रम लॅम्बो फील्डच्या इमारतीत होता. मैदानात बसून तो मोठ्या पडद्यावर पाहण्यासाठी ६० हजारांहून अधिक चाहते आले. त्या दिवशी कोणताही सामना नव्हता. फार्व मैदानात आले, तेव्हा प्रेक्षकांनी उभे राहून दीर्घकाळ त्यांचा जयघोष केला. २६ नोव्हेंबर २०१५ रोजी थँक्सगिव्हिंगच्या रात्री मैदानावर ४ हा क्रमांक अनावृत करण्यात आला. प्रकृती अत्यंत नाजूक असूनही १९६०च्या दशकातील क्वार्टरबॅक बार्ट स्टार या प्रसंगी उपस्थित राहिले. पॅकर्सने निवृत्त केलेला हा सहावा क्रमांक होय. ऑगस्ट २०१६ मध्ये ओहायोतील कँटन येथील राष्ट्रीय सन्मानदालनात फार्व यांचा समावेश झाला.

पुढील काळ

२०२० नंतर मिसिसिपीतील सार्वजनिक कल्याण निधीच्या गैरवापराच्या प्रकरणात फार्व यांचे नाव आले. त्यांनी मिळालेली ११ लाख डॉलरची रक्कम परत केली. राज्याने दाखल केलेल्या दिवाणी दाव्यात त्यांचा प्रतिवादी म्हणून समावेश आहे. त्यांच्यावर फौजदारी आरोप ठेवण्यात आलेला नाही आणि गैरकृत्याचा आरोप त्यांनी नाकारला आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे बोलताना आपल्याला पार्किन्सन्स हा आजार झाल्याचे त्यांनी सांगितले.

तत्सम उदाहरणे

• जो मोंटाना : सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सला चार सुपर बोल जिंकून देणारे मोंटाना शेवटचे दोन हंगाम कॅन्सस सिटी चीफ्सकडून खेळले. तरीही एप्रिल १९९५ मध्ये त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोतच निवृत्ती जाहीर केली आणि त्यासाठी भर चौकात हजारो चाहते जमले.

• टॉम ब्रेडी : ब्रेडी यांनी १ फेब्रुवारी २०२२ रोजी निवृत्ती जाहीर केली आणि ४० दिवसांनी ती मागे घेतली. त्याच्या आदल्याच दिवशी त्यांच्या 'अखेरच्या' टचडाउनचा चेंडू लिलावात पाच लाखांहून अधिक डॉलरला विकला गेला होता. नंतर ती विक्री रद्द करण्यात आली. १ फेब्रुवारी २०२३ रोजी ते कायमचे निवृत्त झाले.

• ॲरन रॉजर्स : फार्व यांच्याप्रमाणेच रॉजर्सही ग्रीन बेतील दीर्घ कारकिर्दीनंतर, एप्रिल २०२३ मध्ये, न्यू यॉर्क जेट्सकडे गेले. या वेळी पॅकर्सच्या चाहत्यांपुढे १५ वर्षांपूर्वीचा अनुभव होता.