नाक्यावरच्या नोंदी

21 फेब्रुवारी 1988, रविवार. उत्तर आयर्लंडच्या टिरोन परगण्यातलं ऑख्नाक्लॉय गाव. गावाच्या टोकाचा ब्रिटिश लष्कराचा नाका ओलांडून 23 वर्षांचा एडन मॅकॅनेस्पी गेलिक फुटबॉलच्या मैदानाकडे पायी निघाला होता. टेहळणीच्या चौकीतल्या मशिनगनमधून गोळ्या सुटल्या. एक गोळी रस्त्यावर आपटून उसळली आणि त्याच्या पाठीत शिरली. हात ओले असल्यामुळे बोट घसरलं, असं सैनिकाचं म्हणणं.

एडन कामाला सीमेपलीकडे, मॉनहनला जायचा. नाका रोजच्या वाटेवरचा. तिथे आपल्याला मुद्दाम अडवतात, छळतात, ही त्याची तक्रार मरणाआधीची होती.

उत्तर आयर्लंड आणि उरलेलं आयर्लंड यांना तोडणारी ही सीमा 1921 ची. लांबी सुमारे 500 किलोमीटर आणि तिला छेदणारे रस्ते दोनशेच्या वर. शेत एका राज्यात आणि बाजार दुसऱ्या, ही गत बेळगाव-निपाणीकडच्या मराठी माणसाला नवी नाही. पण त्याच्या वाटेत मशिनगन नसते. 1970 नंतर लष्कराने लहान रस्ते सुरुंगांनी फोडले, उरलेल्यांवर काँक्रीटचे ठोकळे टाकले आणि सगळी वर्दळ मोजक्या कायमच्या नाक्यांकडे वळवली. चर्च, शाळा, दवाखाना, शेजाऱ्याची मयत, कशालाही जायचं तर वळसा आणि चौकशी. क्लोनिसजवळच्या लॅकी पुलावर गावकरी फावडी घेऊन जमत, खड्डे बुजवत. लष्कर पुन्हा रस्ता बंद करी.

सैनिकांची भीतीही खोटी नव्हती. 24 ऑक्टोबर 1990 च्या पहाटे ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणाऱ्या आयआरए या सशस्त्र संघटनेने पॅट्सी गिलेस्पीच्या कुटुंबाला ओलीस धरून त्याला बॉम्बने भरलेली गाडी डेरीजवळच्या कॉशक्विन नाक्यावर न्यायला लावली. तो आणि पाच सैनिक ठार झाले. नाक्याच्या दोन्ही बाजूंना माणसंच होती, हे विसरून हा इतिहास सांगता येत नाही.

तरीही सत्ता एकाच बाजूला होती. गाडीतलं सामान रस्त्यावर उतरवायला लावणं, नाव-गाव पुन्हापुन्हा विचारणं, तासभर उभं करणं हे सरकारी कागदांत उतरलं तरी नेहमीची तपासणी म्हणूनच. त्यातला जाच टिपायला दुसरं कुणीतरी लागत होतं.

ब्रिटनमध्ये अशा टिपणाची परंपरा होती. 1934 मध्ये भुकेल्या बेकारांचा मोर्चा लंडनच्या हाइड पार्कात आला, तेव्हा पोलिसांच्या वागण्यावर नजर ठेवायला नवी नॅशनल कौन्सिल फॉर सिव्हिल लिबर्टीज उतरली. तिच्या निरीक्षकांत लेखक एच. जी. वेल्सही होते. दोन वर्षांनी याच संस्थेने उत्तर आयर्लंडच्या विशेषाधिकार कायद्यांवर कठोर अहवाल काढला. 1971 मध्ये तिथे बिनाखटल्याच्या स्थानबद्धतेचं सत्र सुरू झालं. त्या काळात असोसिएशन फॉर लीगल जस्टिसचे स्वयंसेवक अटक झालेल्यांचे, मारहाण झालेल्यांचे जबाब उतरवून घेऊ लागले. डंगॅननचे फादर डेनिस फॉल आणि आर्मातले फादर रेमंड मरे यांनी अशा जबाबांच्या पुस्तिकाच काढल्या. फॉल आयआरएच्या हिंसेवरही तितक्याच सडेतोडपणे बोलत. म्हणून त्यांच्या नोंदींना वजन होतं, असं मला वाटतं.

या कष्टांचं मोल किती उशिरा कळतं, ते डेरीत दिसलं. 30 जानेवारी 1972 ला सैनिकांनी स्थानबद्धतेविरुद्धच्या मोर्चावर गोळीबार केला आणि 13 जण त्याच दिवशी गेले. पुढच्या काही दिवसांत स्वयंसेवकांनी शेकडो प्रत्यक्षदर्शींचे जबाब लिहून घेतले. सरकारने नेमलेल्या लॉर्ड विजरींच्या चौकशीने त्यातले बहुतेक बाजूला सारले. कागद मात्र जपले गेले. 1997 मध्ये डॉन मलन यांनी ते पुस्तकरूपाने छापले. दुसऱ्या वर्षी नव्या चौकशीची घोषणा झाली आणि जून 2010 मध्ये पंतप्रधान डेव्हिड कॅमरन यांनी त्या गोळीबाराबद्दल संसदेत माफी मागितली.

पुढे हीच रीत दूरवर पोहोचली. 2002 पासून जागतिक चर्च परिषदेच्या उपक्रमातून स्वयंसेवक वेस्ट बँकमधल्या इस्रायली नाक्यांवर पहाटे जाऊन किती माणसं सुटली, किती परत पाठवली ते मोजतात. ब्रिटन आणि आयर्लंडहून जाणाऱ्यांची व्यवस्था क्वेकर या ख्रिस्ती पंथाची मंडळी पाहत आली.

ऑख्नाक्लॉयच्या सैनिकावरचा मनुष्यवधाचा आरोप 1990 मध्ये मागे घेतला गेला होता. नोव्हेंबर 2022 मध्ये, एडनच्या मृत्यूनंतर 34 वर्षांनी, बेलफास्टच्या न्यायालयाने ओल्या हाताची सबब फेटाळून त्याला घोर निष्काळजीपणातून झालेल्या मनुष्यवधाबद्दल दोषी धरलं. शिक्षा तीन वर्षांची झाली, तीही स्थगित.

तोवर नाका कधीच निघाला होता. 1994 च्या शस्त्रसंधीनंतर बंद रस्ते एकेक करून मोकळे झाले. आता सीमेवरच्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी ध्वनिमुद्रित केल्या जात आहेत: कुठला पूल कधी पाडला, कोण कुठून वळसा घालून जायचं, कुणाला पावसात किती वेळ उभं केलं होतं.