चितोडची वंशावळ आणि मल्लेश्वरचा शिलालेख

सरकारी नोकरीत वंशावळ हा शब्द वारंवार कानांवर पडतो. कर्नाटकात वडिलांच्या पश्चात जमिनीवर वारसाचे नाव चढवावयाचे, तर ‘वंशवृक्ष’ दाखल करावा लागतो. दोन-तीन पिढ्यांची नावे आणि खाली सह्या, एवढ्यावर काम भागते. पण बेंगळूरला एकदा एक वृद्ध मराठा गृहस्थ माझ्याकडे निराळाच कागद घेऊन आले. घरात मराठी आणि दाराबाहेर कन्नड बोलणारे हे कुटुंब शहाजीराजांच्या फौजेबरोबर इकडे आले, अशी त्यांची परंपरा. कागदाचा आरंभ मात्र थेट चितोडगडापासून होता. “नातू विचारतो, आजोबा, आपण मूळचे कुठले? हे सारे खरे आहे ना?” असे त्यांनी मला विचारले. त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. श्रोतेहो, ते उत्तर आज देण्याचा हा प्रयत्न आहे.

केंपेगौडाने १५३७ मध्ये वसविलेले हे शहर १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने जिंकले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. येथेच त्यांचा दरबार भरू लागला. त्या दरबारातील कवी जयराम पिंड्ये याने ‘राधामाधवविलासचंपू’ हा ग्रंथ रचला. इतिहासाचार्य राजवाडे यांनी तो १९२२ मध्ये प्रसिद्ध केला. भोसल्यांचे कूळ राण्यांच्या वंशातले, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. १६७४ च्या राज्याभिषेकासाठीच ही वंशावळ रचली गेली, असे म्हणणाऱ्यांना हा चंपू अडचणीचा आहे. कारण शहाजीराजे १६६४ मध्ये होदिगेरे येथे निवर्तले, आणि त्यांच्या हयातीतच हा दावा बेंगळुरात उच्चारला गेला होता. परंतु दावा जुना आहे म्हणून तो खरा आहे, असे मात्र होत नाही.

उलट बाजूचा पुरावाही विचारात घ्यावा लागतो. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी शिखर शिंगणापूरच्या शंभुमहादेवाचा शोध घेताना भोसल्यांचे मूळ होयसळांशी जोडले. बळियप्पा नावाचा पुरुष कर्नाटकातील सोरटूर येथून साताऱ्याकडे आला आणि ‘होयसळ’ शब्दापासूनच ‘भोसले’ झाले, असे त्यांचे प्रतिपादन आहे. सर्वांना ते मान्य नाही. पण ते खरे मानले, तर शहाजीराजे बेंगळुरास आले ते परमुलखात नव्हे, आपल्या पूर्वजांच्या भूमीत! एकाच कुळाला एक मत उत्तरेकडे नेते आणि दुसरे दक्षिणेकडे.

हा पेच आपल्याकडेच आहे असे नाही. स्कॉटलंडातील घराणीही आपला वंश असाच दूरवर नेऊन भिडवितात. कोणी स्वतःस समुद्रावरून आलेल्या व्हायकिंगांचे वंशज म्हणवितो, तर कोणी त्यांना हाकलून देणाऱ्या वीरांचे. ११६४ मध्ये मारला गेलेला सोमरलेड हा मॅकडोनल्ड कुळाचा मूळ पुरुष. भाटांनी त्याची वंशावळ आयर्लंडच्या राजांपर्यंत नेली आणि त्याला नॉर्वेकरांचा शत्रू म्हणून गौरविले. अलीकडे त्या कुळातील प्रमुखांच्या पितृवंशीय जनुकांची तपासणी झाली, तेव्हा ती नॉर्वेकडची निघाली. खरे तर ‘सोमरलेड’ हे नावच नॉर्स भाषेतले. त्याचा अर्थ ‘उन्हाळ्यात सफरीला निघणारा’. भाटांनी जे झाकले, ते नावाने जपून ठेवले होते. इंग्लंडच्या सीमेलगतच्या लॉकरबी, कॅननबी या गावांच्या नावांतील ‘बी’ हा शेवटही तसाच. नॉर्स भाषेत त्याचा अर्थ वस्ती किंवा गाव.

मग जनुकांनी सारा निकाल लागतो काय? तसेही नाही. दहा पिढ्या मागे गेले, की प्रत्येकाच्या वंशवृक्षात पूर्वजांच्या १०२४ जागा येतात. वंशावळ त्यांतील एकाच पुरुषाचा माग काढते; पितृवंशीय तपासणीही त्याच एकाचा. उरलेल्या १०२३ जणांत किती कन्नड, तेलुगू, तमिळ घरांतल्या लेकीसुना असतील, त्याची नोंद चितोडच्या कागदात नाही.

म्हणून मी त्या गृहस्थांना अखेर मल्लेश्वरच्या काडू मल्लेश्वर देवळाकडे घेऊन गेलो. तेथे १६६९ चा शिलालेख आहे. शहाजीराजांचे पुत्र एकोजी यांनी मेदरनिंगनहळ्ळी हे गाव या देवाला दिल्याची ती नोंद आहे आणि तिची भाषा कन्नड आहे. पुढे १६७५ च्या सुमारास एकोजी तंजावरचे राजे झाले. १६८७ मध्ये मोगल सरदार कासीमखानाने बेंगळूर घेतले आणि तीन लाख रुपयांस म्हैसूरच्या चिक्कदेवराजाला दिले. बेंगळुरातील भोसल्यांची सत्ता जेमतेम पन्नास वर्षांत संपली. माणसे मात्र राहिली. तिकडे तंजावरात त्याच कुळातील सरफोजीराजांनी १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या देवळात भोसल्यांचा वंशेतिहास दगडावर कोरविला, तो मात्र मराठीत. जेथे देवाला दान द्यावयाचे होते, तेथे प्रजेची भाषा. जेथे आपण कोण हे सांगावयाचे होते, तेथे घरची. या दोन्ही लेखांत मला विरोध दिसत नाही.

वृद्ध गृहस्थ त्या दगडापुढे बराच वेळ उभे राहिले. मी म्हणालो, “तुमचा कागद फेकून देऊ नका. त्यात घराण्याचे रक्त किती हे सांगता येणार नाही. पण घराण्याने काय होण्याची इच्छा धरली, हे त्यातून नक्की कळते. तोही इतिहासच आहे. मात्र नातवाला आधी हा दगड दाखवा.”

ते हसले आणि म्हणाले, “त्याला हे वाचता येईल. तो कन्नड शाळेतच जातो.”