प्लॅस्टिकचं विमान खऱ्या धातूसारखं कसं चमकतं? उत्तर चंदेरी रंगात नाही, त्याच्या खाली आहे

इन्स्टाग्रामवर स्क्रोल करताना एखादी रील समोर येते. चंदेरी लढाऊ विमान, पंखावर खिडकीचं प्रतिबिंब, इंजिनच्या झाकणावर हलकीशी निळसर झाक. वाटतं, कुठल्यातरी संग्रहालयातलं असेल. मग फ्रेममध्ये एक हात येतो आणि अख्खं विमान दोन बोटांत उचलतो.

ते विमान असतं प्लॅस्टिकचं. 1:48 म्हणजे मूळ विमानाच्या अठ्ठेचाळीसाव्या भागाएवढं. दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकेचं पी-51डी मस्टँग घेतलं, तर मूळ विमानाचे पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 11.28 मीटर. मॉडेलमध्ये तेच साडेतेवीस सेंटीमीटर होतात, शाळेतल्या फूटपट्टीपेक्षाही कमी.

अशा रीलखाली कमेंट ठरलेली असते: "कोणता स्प्रे वापरला?" पण स्प्रेचं काम असतं शेवटच्या अर्ध्या-एक तासाचं. त्याआधीचे कित्येक दिवस जे चालतं, त्यावर ही चमक अवलंबून असते.

साधा सिल्व्हर पेंट का चालत नाही?

हार्डवेअरच्या दुकानातला सिल्व्हर पेंट खिडकीच्या ग्रिलला शोभतो, विमानाच्या मॉडेलला नाही. कारण सोपं आहे. चंदेरी रंग म्हणजे पारदर्शक द्रवात मिसळलेले ॲल्युमिनियमचे बारीक चपटे कण. ग्रिलवर ते कण डोळ्यांना वेगळे दिसत नाहीत. मॉडेलवर मात्र आपला मेंदू प्रत्येक गोष्ट 48 पट मोठी करून बघत असतो. कण 0.03 मिलिमीटरचा धरला, तर खऱ्या विमानावर तो जवळजवळ दीड मिलिमीटरची टिकली झाला. म्हणजे विमान धातूचं न दिसता चमकी लावल्यासारखं दिसणार.

हेच गणित ओरखड्यांना लागू होतं. माणसाचा केस साधारण 0.07 मिलिमीटर जाड. तेवढ्या रुंदीचा ओरखडा मॉडेलवर राहिला, तर खऱ्या विमानावर तो तीन मिलिमीटरहून रुंद असता. हिरव्या किंवा करड्या मॅट रंगाखाली असे ओरखडे लपून जातात. चंदेरी रंग उलटं करतो, प्रत्येक चूक उजेडात आणतो. म्हणूनच वर्षानुवर्षं मॉडेल बनवणारेही चंदेरी विमान हातात घेताना दोनदा विचार करतात.

मुळात ही विमानं बिनरंगाची का होती?

युद्धाच्या सुरुवातीला अमेरिकेची लढाऊ विमानं जमिनीशी आणि आकाशाशी मिसळून जावीत म्हणून रंगवलेली असत. 1944 सुरू होता होता हवेत अमेरिकेचं पारडं जड झालं होतं आणि लपण्याची गरज कमी झाली होती. रंग नाही म्हणजे वजन कमी, कारखान्यातला वेळ कमी आणि वेगात थोडी भर. त्यामुळे विमानं कारखान्यातून थेट उघड्या धातूत बाहेर पडू लागली.

उघडं ॲल्युमिनियम गंजणार नाही का? विमानाचा पत्रा हा मजबूत मिश्रधातूचा असतो आणि हा मिश्रधातू शुद्ध ॲल्युमिनियमपेक्षा लवकर गंजतो. म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना शुद्ध ॲल्युमिनियमचा अगदी पातळ थर चढवत. अशा पत्र्याचं नाव 'अल्क्लाड'. आज मॉडेलवाल्यांमध्ये धातूच्या रंगांचा एक प्रसिद्ध ब्रँड 'अल्क्लाड टू' याच नावाचा आहे.

खरं काम: घासणं, घासणं आणि पुन्हा घासणं

पूर्वी गल्लीत कल्हईवाला यायचा, तो आठवतोय का? नसेल तर घरी आजीला विचारा. कथील लावायला त्याला फार वेळ लागायचा नाही. खरा वेळ जायचा तो भांडं घासून, तापवून, नवसागर टाकून स्वच्छ करण्यात. भांडं मळकट राहिलं तर कल्हई धरायचीच नाही. इथेही तसंच आहे.

मॉडेलचे दोन अर्धे भाग चिकटवले की मधे एक सांधा उरतो. खऱ्या विमानावर तिथे सांधा नसतो. तो पुट्टीने किंवा सुपरग्लूने भरतात. सुपरग्लू भरला असेल तर घासणं फार लांबवू नये. रात्रभर ठेवला तर तो प्लॅस्टिकपेक्षा कडक होतो, मग घासताना आजूबाजूचं प्लॅस्टिक जातं आणि गोंदाचा उंचवटा तसाच राहतो.

घासायला वॉटर पेपर, तोही पाणी लावून. 400 नंबरने सुरुवात, मग 600, 1000, 1500, 2000. प्रत्येक पुढचा पेपर आधीच्या पेपरचे ओरखडे काढण्यासाठी असतो. घाईत मधला एक नंबर गाळला, तर त्याचे ओरखडे शेवटपर्यंत सोबत येतात. यापुढे कापडी पाठीचे पॉलिशिंग पॅड मिळतात, त्यांचे नंबर 12000 पर्यंत जातात. घासताना पत्र्यांच्या जोडरेषा पुसल्या जातात, त्या सुईसारख्या हत्याराने पुन्हा कोराव्या लागतात. हे काम कंटाळवाणं आहे, यात गोड बोलण्यासारखं काही नाही.

मग भांडी घासायच्या साबणाने मॉडेल धुवून वाळवायचं. इथून पुढे हातमोजे. बोटांचं तेल डोळ्यांना दिसत नाही, पण रंगाला बरोबर कळतं.

आधी काळा, मग चंदेरी

चंदेरी दिसायला हवं म्हणून खाली काळा रंग द्यायचा, हे ऐकून नवखे गोंधळतात. पण त्यामागे साधं विज्ञान आहे. धातूच्या रंगाचा थर अतिशय पातळ असतो आणि त्यातल्या कणांमध्ये फटी राहतात. त्या फटींतून प्रकाश खाली जातो. खाली पांढरा किंवा करडा रंग असेल, तर तो प्रकाश सगळीकडे विखरून परत येतो आणि वरची चमक फिकी पडते. काळा रंग तो प्रकाश गिळून टाकतो. मग डोळ्यांपर्यंत येतो तो फक्त धातूच्या कणांनी परावर्तित केलेला प्रकाश.

दुसरी अट म्हणजे हा काळा रंग चकचकीत हवा, मॅट नको. कण चपटे असतात. गुळगुळीत पृष्ठभागावर ते फरशीसारखे आडवे बसतात आणि प्रकाश एकाच दिशेला परतवतात. खडबडीत पृष्ठभागावर ते वेडेवाकडे पडतात, आणि मग सगळं करडं दिसतं. थोडक्यात, काळ्या रंगात ट्यूबलाइटची कड स्पष्ट दिसली पाहिजे. ती लाटांसारखी दिसत असेल तर पुन्हा वॉटर पेपर हातात घ्यायचा.

काळा रंग पूर्ण कडक होईपर्यंत थांबणं ही सगळ्यात अवघड पायरी, कारण इथे करण्यासारखं काहीच नसतं. लॅकर प्रकारचा रंग एक-दोन दिवस घेतो, एनॅमल त्याहून बरेच दिवस. एनॅमल कच्चं असताना वर लॅकर मारलं, तर खालचा थर सुरकुततो किंवा त्याला तडे जातात.

धातूचा रंग एअरब्रशने मारतात. हवेचा दाब कमी, साधारण 12 ते 15 पीएसआय. अंतर पाच-सहा सेंटीमीटर. ओला थर अजिबात नको, धुक्यासारखे तीन-चार हलके फवारे पुरेत. काळा रंग जेमतेम दिसेनासा झाला की थांबायचं. "अजून एक हात मारू" हा मोह इथे महागात पडतो, कारण थर जाड झाला की आरसा जाऊन दाणेदार सिल्व्हर पेंट उरतो. पहिला प्रयोग प्लॅस्टिकच्या वापरून फेकायच्या चमच्यावर करावा. चमच्याचा गोलावा विमानाच्या नाकासारखाच असतो आणि तो बिघडला तर झोप उडत नाही.

वर पारदर्शक वॉर्निश मारून चमक 'लॉक' करण्याचा सल्ला अनेक व्हिडिओंमध्ये दिसतो. तो जपूनच घ्यावा. बहुतेक वॉर्निश धातूची चमक थोडी तरी मारतात, काही तर पार करडी करतात.

रंगाशिवाय दुसरा मार्गही आहे: खरा धातूच चिकटवणं. अतिशय पातळ चिकट फॉइल मिळतो, काही जण स्वयंपाकघरातला फॉइल खास गोंदाने लावतात. एकेका पत्र्याच्या मापाचा तुकडा कापायचा, कापसाच्या काडीने दाबत बसवायचा, जोडरेषेवरून ब्लेड फिरवायचं. फॉइलला सूक्ष्म रेघा असतात. शेजारच्या तुकड्याची दिशा बदलली, की दोन्ही पत्रे वेगळ्या छटेचे दिसतात. सपाट भागावर या पद्धतीला तोड नाही, पण दोन्ही दिशांनी गोल असलेल्या भागावर सुरकुत्या आवरता आवरत नाहीत.

आरसा म्हणजे अचूक, असं नाही

इतकी मेहनत करून पूर्ण मस्टँग आरशासारखं चमकवलं, की जाणकार सगळ्यात आधी त्याच्या पंखाकडे बोट दाखवतात. पी-51चा पंख हवा गुळगुळीत वाहावी अशा खास आकाराचा होता. रिव्हेट आणि पत्र्यांचे जोड हवेच्या वाटेत येऊ नयेत म्हणून कारखान्यात पंखाच्या पुढच्या भागावरचे जोड पुट्टीने भरून घासत आणि मग पंखाला चंदेरी रंग देत. म्हणजे विमानाचा मधला धड भाग उघड्या धातूचा, पण पंख रंगवलेला! शेपटीवरचं सुकाणू तर कापड चढवलेलं असे, त्यालाही चंदेरी रंगच. पंखावरच्या जोडरेषा कोरून कोरून ठळक करणारे इथे उलटी मेहनत करतात, खरं तर त्या भरायला हव्यात.

आज एअर शोमध्ये दिसणारी मस्टँग पंखांसकट आरशासारखी असतात. ती मालकांनी हौसेने पॉलिश केलेली असतात आणि अनेक मॉडेल त्यांचेच फोटो बघून बनतात. युद्धातल्या विमानांवर धुराचे डाग, तेलाचे ओघळ आणि मेकॅनिकच्या बुटांचे ओरखडे असत. काही पथकांत वेग वाढावा म्हणून विमानाला मेण लावून घासतही असत, तर काही विमानांच्या पंखावरचा रंग पुढे झिजला. म्हणून जे विमान बनवायचं, त्याच विमानाचा त्या काळातला फोटो शोधणं सगळ्यात भरवशाचं.

उघड्या धातूचं विमान एकाच छटेचं नसतंच. शेजारशेजारचे दोन पत्रे वेगळे दिसतात, धुराड्याजवळचा पोलाद-धातू गडद असतो. जेट विमानांत तर उष्णतेने मागचा भाग तपकिरी, जांभळा, निळा होतो. अमेरिकेच्या एफ-100 सुपर सेबरची शेपटी त्यासाठीच ओळखली जाते. मॉडेलवर हे दाखवायला एकेक पत्रा टेपने झाकून थोड्या वेगळ्या छटेचा फवारा देतात. टेप आधी तळहातावर एकदोनदा चिकटवून तिचा चिकटपणा कमी करायचा, मग पुसून लावायची. नाहीतर टेपबरोबर रंगही निघतो.

भारतीय मॉडेलवाल्यांचं या बाबतीतलं लाडकं विमान म्हणजे मिग-21. त्याची एफएल ही आवृत्ती नाशिकजवळच्या ओझरला एचएएलच्या कारखान्यात बनत असे आणि ती विमानं चंदेरी दिसत. 1971च्या युद्धाच्या सुमारास त्यातल्या अनेकांवर घाईघाईने लपण्याचे रंग चढवले गेले. 26 सप्टेंबर 2025ला चंदीगडमध्ये मिग-21ला निरोप दिला गेला. ज्यांना चंदेरी एफएल बनवायचं आहे, त्यांनी फोटो 1971च्या आधीचा आहे की नंतरचा, हे आधी बघावं.

मुंबई-कोकणात करणार असाल तर

पावसाळ्यात लॅकर मारणं टाळलेलं बरं. थिनर झपाट्याने उडतं, त्यामुळे पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि तकतकीत काळा रंग दुधाळ होतो.

हार्डवेअरच्या दुकानातलं एनसी थिनर एअरब्रश धुवायला ठीक, पण उघड्या प्लॅस्टिकवर पडलं तर ते विरघळतं. त्याची वाफही कमी त्रासदायक नसते. साधा धुळीचा मास्क ती अडवत नाही, रसायनांच्या वाफेसाठीचा फिल्टर असलेला मास्क लागतो. वन बीएचकेमध्ये दार बंद करून, शेजारी लहान मूल झोपलेलं असताना हे काम करू नये. खिडकीकडे तोंड करून, हवा बाहेर फेकणारा पंखा लावूनच बसावं.

आणि तयार झालेलं विमान पाहुण्यांच्या हातात देऊ नये. वॉर्निश नसलेल्या चंदेरी रंगावर उमटलेला बोटाचा ठसा पुसायला गेलं, की कधीकधी ठशाबरोबर चांदीही जाते आणि खालचा काळा रंग दिसू लागतो.